आकड्यामागचं कूळ : शुक्राणूंच्या डीएनए-तपासणीची कथा

लग्नाला चार-पाच वर्षं होऊन गेलेली, मूल नाही. बायकोच्या सगळ्या तपासण्या दोनदोनदा झालेल्या, आणि नवऱ्याच्या वीर्यतपासणीच्या रिपोर्टवर एकच शब्द, ‘नॉर्मल’. अशा जोडप्याला आता मुंबई-पुण्याच्या आयव्हीएफ केंद्रांत आणखी एक तपासणी सांगितली जाते. तिच्या कागदावर एक टक्केवारी येते. तिचं नाव डीएफआय, म्हणजे डीएनए फ्रॅगमेंटेशन इंडेक्स. किती टक्के शुक्राणूंमधला डीएनए तुटका किंवा कमकुवत आहे, हे ती सांगते. हा आकडा कुठून आला आणि कोणत्या प्रश्नाचं उत्तर म्हणून जन्मला, हे ठाऊक नसेल तर तो एक तर उगाच घाबरवतो, नाही तर उगाच आश्वस्त करतो. म्हणून त्याचं कूळ बघायचं.

हे कूळ माशांपर्यंत जातं. १८६९ साली जर्मनीतल्या ट्यूबिंगेनमध्ये फ्रीडरिख मीशर या तरुण स्विस वैद्याला पुवातल्या पेशींच्या केंद्रकांत एक अपरिचित द्रव्य सापडलं. त्याने त्याला न्यूक्लीन म्हटलं. आपण आज ज्याला डीएनए म्हणतो ते हेच. पुढे बाझेलला परतल्यावर त्याने ऱ्हाइन नदीतल्या सामन माशांकडे मोर्चा वळवला, कारण शुक्राणूचं डोकं म्हणजे जवळजवळ निव्वळ केंद्रक. १८७४ मध्ये त्याला तिथे डीएनएच्या जोडीने राहणारा दुसरा पदार्थही मिळाला, प्रोटामिन. पुरुषाच्या डीएनए-तपासणीचा सगळा डोलारा पुढे या जोडीवरच उभा राहिला.

शरीरातल्या इतर पेशींत डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. जनुकं वाचता यावीत इतपत तो सैल असतो. शुक्राणू पक्व होताना मात्र बहुतेक हिस्टोन निघून जातात आणि त्यांची जागा प्रोटामिन घेतात. त्यांच्यातले गंधकाचे बंध ही बांधणी आणखी आवळतात. इतकं घट्ट आवरण असल्यामुळेच वडिलांचा वारसा स्त्रीबीजापर्यंतचा प्रवास सोसतो. पण ही अदलाबदल करताना पेशी डीएनएला जागोजाग मुद्दाम काप देते आणि मग ते सांधते. एखादा काप सांधायचा राहिला, किंवा प्रोटामिन नीट बसले नाहीत, तर दोष आतच राहतो. पक्व शुक्राणू आपला पेशीद्रव जवळजवळ सगळा टाकून देतो आणि त्याबरोबर दुरुस्तीची यंत्रणाही गमावतो. त्यानंतर ऑक्सिडीकरणाने होणारी इजा त्याला स्वतःला भरून काढता येत नाही. ते काम उरतं स्त्रीबीजाकडे.

हे आतलं जग नेहमीच्या वीर्यतपासणीला दिसत नाही. डच संशोधक लेव्हेनहुकने १६७७ मध्ये डेल्फ्टला शुक्राणू पाहिले तेव्हापासून सूक्ष्मदर्शकाखाली विचारायचे प्रश्न तेच राहिले: किती आहेत, पळतात कसे, दिसतात कसे. विसाव्या शतकात या प्रश्नांना शिस्त आली. जॉन मॅक्लिओड आणि रूथ गोल्ड यांनी न्यू यॉर्कमध्ये हजारो नमुने मोजून १९५१ मध्ये अपत्य असलेल्या आणि नसलेल्या पुरुषांची तुलना मांडली. जागतिक आरोग्य संघटनेने १९८० मध्ये वीर्यतपासणीची पहिली नियमपुस्तिका काढली. तरीही संख्या, हालचाल, आकार सगळं ठीक असून मूल न होणारे पुरुष उरतच होते.

त्याच १९८० सालच्या ‘सायन्स’मध्ये डोनाल्ड इव्हेन्सन, झ्बिग्न्येव दार्झिंकेविच आणि मायरन मेलामेड यांचा एक छोटा लेख आला. हे तिघे न्यू यॉर्कच्या स्लोन-केटरिंग कर्करोग संस्थेतले. पोलंडहून आलेल्या दार्झिंकेविच यांचा अभ्यास अॅक्रिडीन ऑरेंज या रंगावर होता. निळ्या प्रकाशात हा रंग अखंड, दुपेडी डीएनएशी जुळला की हिरवा चमकतो आणि एकपेडी डीएनएशी जुळला की लालसर. कर्करोगाच्या पेशी हजारोंनी भराभर तपासण्यासाठी फ्लो सायटोमीटर हे यंत्र तिथे होतंच. या दोन्हींच्या जोरावर त्यांनी शुक्राणूंना नवा प्रश्न विचारला: ताण दिला तर डीएनए टिकतो का? बैल, उंदीर आणि माणूस यांच्या शुक्राणूंची केंद्रकं त्यांनी तापवली. ज्यांची जननक्षमता कमी किंवा शंकास्पद होती, त्यांचा डीएनए उष्णतेपुढे लवकर उकलला आणि लाल चमकला. शुक्राणू दिसतो कसा यापेक्षा तो सोसतो किती, हा निकष तेव्हा पहिल्यांदा पुढे आला.

इव्हेन्सन पुढे साउथ डकोटा राज्य विद्यापीठात गेले. तिथे कृत्रिम रेतनासाठीच्या बैलांच्या वीर्यावर ही पद्धत घासूनपुसून पक्की झाली. उष्णतेऐवजी आम्ल आलं: पीएच १.२, फक्त तीस सेकंद, मग रंग, मग यंत्रातून हजारो शुक्राणूंची मोजणी. हीच एससीएसए, स्पर्म क्रोमॅटिन स्ट्रक्चर अॅसे. १९९९ मध्ये इव्हेन्सन यांच्या गटाने आणि २०००मध्ये डेन्मार्कच्या पहिल्यांदाच मूल होऊ पाहणाऱ्या जोडप्यांवरच्या अभ्यासाने दाखवलं की हा आकडा वाढत जातो तशी नैसर्गिक गर्भधारणेची शक्यता घटते. तीस टक्क्यांची प्रसिद्ध रेघ याच काळातली. तिच्यापलीकडे मूल होतच नाही असं नाही. शक्यता कमी होते, एवढाच तिचा अर्थ.

दुसरी शाखा किरणोत्साराच्या अभ्यासातून आली. स्वीडनच्या ओस्टलिंग आणि योहान्सन यांनी १९८४ मध्ये किरणांनी जखमी झालेल्या पेशी अॅगरोज या जेलीसारख्या पदार्थाच्या थरात बसवून त्यांवरून वीजप्रवाह सोडला. तुटके तुकडे प्रवाहाबरोबर पुढे सरकले आणि केंद्रकामागे शेपूट उमटली. मूळचे भारतातले नरेंद्र सिंग आणि त्यांच्या अमेरिकेतल्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये ही कृती क्षारीय द्रावणात केली, त्यामुळे एका पेडातले कापही दिसू लागले. हीच कॉमेट तपासणी. शुक्राणूंसाठी ती वापरताना आधी प्रोटामिनची बांधणी सोडवावी लागते. मात्र तिला अगदी थोडे शुक्राणू पुरतात, आणि प्रत्येक शुक्राणूला किती इजा झाली तेही कळतं.

तिसरी शाखा जेरुसलेमची. गॅव्ह्रिएली, शेरमन आणि बेन-सॅसन यांनी १९९२ मध्ये पेशींच्या नियोजित मृत्यूचा माग काढायला ट्यूनेल पद्धत आणली. तिच्यात एक विकर डीएनएच्या तुटक्या टोकांना खूण लावतं. पुढच्याच वर्षी ती शुक्राणूंवर वापरली गेली, आणि ती वापरणाऱ्या गटात तेच दार्झिंकेविच होते. एससीएसए डीएनएला ताण देऊन त्याचा कमकुवतपणा जोखते, तर ट्यूनेल आधीच तुटलेल्या टोकांवर बोट ठेवते.

चौथी स्पेनची. होसे लुइस फर्नांदेस आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये साध्या सूक्ष्मदर्शकावर होणारी तपासणी मांडली. शुक्राणू अॅगरोजमध्ये बसवायचे, आम्लातून काढायचे, प्रथिनं धुऊन टाकायची. डीएनए शाबूत असेल तर त्याची वेटोळी पसरून डोक्याभोवती वलय दिसतं. तुटका असेल तर वलय उमटत नाही किंवा अगदी बारीक उमटतं. महागडं यंत्र लागत नाही, म्हणून ती छोट्या प्रयोगशाळांतही पोचली.

या चारांपैकी एससीएसए आणि स्पेनची तपासणी या दोनच पहिल्यापासून शुक्राणूसाठी घडल्या, आणि एससीएसएचीही हत्यारं कर्करोगाच्या प्रयोगशाळेतली. चारही पद्धतींचे प्रश्न थोडे थोडे वेगळे आहेत. म्हणून एकीचे वीस टक्के म्हणजे दुसरीचे वीस टक्के नव्हेत. रिपोर्ट हातात आला की पहिल्यांदा बघायचं ते पद्धतीचं नाव आणि त्या प्रयोगशाळेची स्वतःची मर्यादारेषा. त्यानंतर आकडा.

तोही कायमचा लिहिलेला नसतो. शुक्राणू घडायला आणि बाहेर यायला साधारण तीन महिने लागतात. जोराचा ताप येऊन गेला की काही आठवड्यांनी डीएनएची इजा वाढलेली दिसते आणि पुढे ओसरते. धूम्रपान, व्हेरिकोसील (अंडकोषाभोवतीच्या फुगलेल्या शिरा), जंतुसंसर्ग, वाढतं वय, खूप दिवसांचा संयम, हे सगळं या आकड्यात उतरतं. यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. व्हेरिकोसीलच्या शस्त्रक्रियेनंतर ही इजा कमी झाल्याचं अनेक अभ्यासांत आढळलं आहे.

मग ही तपासणी सगळ्यांनीच करावी का? नाही. अमेरिकेतल्या मूत्ररोग आणि प्रजनन संघटनांच्या २०२०च्या संयुक्त मार्गदर्शनात पहिल्या तपासणीत तिची गरज नाही असं म्हटलं आहे. मात्र वारंवार गर्भपात होत असतील तर पुरुषाची ही तपासणी करावी असं त्यातच सांगितलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या सहाव्या आवृत्तीत ती विस्तारित तपासण्यांमध्ये आहे. हा शहाणा मधला मार्ग आहे. प्रत्येक जोडप्याकडून सरसकट पैसे घेऊन ती करणं जितकं चूक, तितकंच दोन-तीन गर्भपात झाल्यावरही नवऱ्याला न तपासणं चूक.

माझ्या दृष्टीने या कुळकथेचं मोल इथे आहे. इजा झालेला शुक्राणूही स्त्रीबीज फळवू शकतो. इक्सी या प्रयोगशाळेतल्या फलनपद्धतीत तर तो थेट बीजात सोडला जातो. पहिले दोन-तीन दिवस भ्रूण आईने बीजात साठवून ठेवलेल्या शिदोरीवर वाढतो. त्याची स्वतःची जनुकं चार ते आठ पेशींच्या सुमारास जोमाने कामाला लागतात, आणि बीजाला दुरुस्त न करता आलेली वडिलांकडची इजा त्यानंतर बाधू लागते. गर्भ राहून पडला की आपल्याकडे पहिला प्रश्न तिलाच विचारला जातो: काय खाल्लंस, काय उचललंस, कुठे गेलीस. पण गर्भ राहिला म्हणून पुरुषाची बाजू निर्दोष ठरत नाही, हे चाळीस वर्षांच्या या संशोधनाने दाखवून दिलं आहे. तेव्हा दुसऱ्यांदा गर्भपात झाला की डॉक्टरांसमोरच्या दोन्ही खुर्च्या भरलेल्या असाव्यात, आणि नवऱ्याने तपासणीचा विषय स्वतःहून काढावा.