डूम

डूम : अटळ विनाश, विशेषतः ज्याचा निर्णय आधीच होऊन गेला आहे असा सर्वनाश, या अर्थाचे इंग्रजी नाम. प्राचीन इंग्रजीत ‘दोम’ म्हणजे कायदा, निवाडा किंवा न्यायासनाचा हुकूम. त्यात अनिष्टाची छटा नव्हती. नवव्या शतकाच्या अखेरीस वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याने सिद्ध करविलेली विधिसंहिता ‘दोमबोक’, म्हणजे निवाड्यांचे पुस्तक, या नावाने ओळखली जाते. ‘ठेवणे, स्थापणे’ या अर्थाच्या ज्या आद्य भारत-युरोपीय धातूपासून हा शब्द आला, त्याच्याशीच संस्कृत ‘धा’ धातूचे, आणि म्हणून मराठीतील ‘विधी’ व ‘विधाता’ या शब्दांचे, नाते आहे. ‘विधी’ या शब्दानेही नियम आणि नशीब असे दोन्ही अर्थ धारण करावेत, हे साम्य विशेष लक्षणीय होय.

विल्यम पहिला याच्या आज्ञेने 1086 मध्ये झालेल्या इंग्लंडच्या जमीनपाहणीच्या दप्तराला लोकांनी पुढे ‘डूम्सडे बुक’ म्हटले, कारण त्यातील नोंदीविरुद्ध दाद मागण्याची सोय नव्हती. मूळ अर्थाला विनाशाची छटा आली ती मुख्यतः अंतिम न्यायदिनाच्या ख्रिस्ती कल्पनेमुळे. मध्ययुगीन इंग्लिश चर्चमध्ये वेदीकडील कमानीवर या न्यायनिवाड्याचे जे चित्र रंगवीत, त्यालाच ‘डूम’ म्हणत : मध्यभागी ख्रिस्त, त्याच्या उजवीकडे तरलेले जीव आणि डावीकडे नरकाच्या उघड्या जबड्यात लोटले जाणारे पापी. धर्मसुधारणेच्या काळात अशी कित्येक चित्रे चुन्याखाली गेली. सफोक परगण्यातील वेनहॅस्टन येथे फळ्यांवर रंगवलेले असे एक चित्र 1892 मध्ये डागडुजीच्या वेळी अडगळ म्हणून आवारात टाकले असता पावसाने चुना धुऊन निघाला आणि आकृती पुन्हा दिसू लागल्या.

आजच्या वापरातही निवाड्याचा हा अंश टिकून आहे. भूकंप किंवा महापूर ही केवळ आपत्ती होय. तिला डूम म्हणायचे तर ती टळणारच नव्हती, असे अभिप्रेत असावे लागते. त्यामुळेच जिचे अपयश रचनेतच ठरून गेलेले आहे अशा योजनेला ‘डूम्ड’ हे विशेषण अचूक लागू पडते, आणि मराठीत नुसते ‘विनाश’ असे भाषांतर केल्यास अर्थाचा गाभाच निसटतो. ‘विधिलिखित नाश’ त्याहून जवळचे. आइल ऑफ मॅनमधील न्यायाधीशांना मात्र अद्याप ‘डीमस्टर’ म्हणतात, व त्या सगोत्र पदनामात जुना निरुपद्रवी अर्थ शाबूत आहे. 2020 च्या कोविड साथीत ‘डूमस्क्रोलिंग’, म्हणजे मोबाइलवर वाईट बातम्या थांबता न येता वाचत राहणे, हा सामासिक शब्द सर्वतोमुखी झाला.