दहा हजार डॉलरचा केली

आयपीएलचा लिलाव सुरू झाला की आपण खेळाडूचं नाव आणि आकडा एका दमात घेतो. "अमका? इतके कोटी!" मला दरवेळी माइक केली आठवतो.

केली म्हणजे १८८० च्या दशकातल्या अमेरिकेतला लाडका बेसबॉलपटू. तेव्हा तिकडे सिगारेटच्या पाकिटात खेळाडूंच्या फोटोंची छोटी कार्डं यायची. पाकीट चेपू नये हा एक हेतू, आणि गिऱ्हाइकाने पुन्हा तेच पाकीट घ्यावं हा दुसरा. न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीची 'ओल्ड जज' कार्डं त्यात गाजलेली. फोटो स्टुडिओतले, चेंडू चक्क दोरीला टांगलेला! नावाच्या जागी बहुतेक वेळा आडनाव आणि क्लब. कॉर्नेलियस मॅकगिलिकडी तिथे नुसता 'मॅक' झाला.

पण केलीच्या एका कार्डावर छापलंय, '१०,००० डॉलर केली'. नावाआधी किंमत!

झालं असं की १८८७ मध्ये शिकागो क्लबने केलीला बोस्टनला विकलं, १०,००० डॉलरला. तेव्हा ही रक्कम डोळे पांढरे करणारी होती. पण ती गेली शिकागोच्या मालकांच्या खिशात. केलीला बोस्टनकडून मिळाले २,००० डॉलर पगार (नियमाने तेवढीच मर्यादा होती) आणि वर ३,००० डॉलर 'फोटो वापरण्याचे'. म्हणजे पगाराची मर्यादाही पाळली आणि पैसेही दिले. पळवाटा तेव्हाही होत्या बरं का!

आयपीएलमध्ये बोलीची रक्कम निदान खेळाडूचं मानधन असते. तिथे मात्र क्लबने राखून ठेवलेला खेळाडू स्वतःच्या मर्जीने दुसरीकडे जाऊच शकत नव्हता. जॉन माँटगोमेरी वॉर्ड हा कायदा शिकलेला खेळाडू. त्याने त्याच वर्षी लेख लिहून उघड विचारलं, बेसबॉलपटू ही मालकाची मालमत्ता आहे का? गुलामगिरी संपून जेमतेम बावीस वर्षं झालेल्या देशात हा प्रश्न झोंबणारच.

१८९० मध्ये खेळाडूंनी स्वतःची लीग काढली. केलीही त्यात गेला, त्याच्या बोस्टन संघाने विजेतेपदही मिळवलं. पण पैशाअभावी ती लीग एकाच हंगामात गुंडाळली.

कार्ड मात्र राहिलं. संग्राहक ते आज कौतुकाने जपतात. मला त्यात कौतुकापेक्षा विक्रीची पावती जास्त दिसते.

तुम्हाला काय वाटतं? आपणही खेळाडूला आकड्यानेच ओळखायला लागलोय का?