‘सामाजिक घर’ : एका संज्ञेचा फ्रान्समधील इतिहास

अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी प्रत्येक नगराने घरांचा काही वाटा राखलाच पाहिजे, हे बंधन फ्रान्समध्ये कायद्याने घातले गेले, त्याला आता तीन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. ते शिथिल करण्याचे प्रयत्नही तितकेच जुने आहेत. या प्रयत्नांत कायद्यातील आकड्याला सहसा हात लावला जात नाही. पालटतो तो आकड्यापुढील शब्दाचा अर्थ.

१९९१ च्या नगरविषयक कायद्याने दोन लक्षांहून अधिक वस्तीच्या नागरी समूहांतील नगरपालिकांपुढे २० टक्के सामाजिक घरांचे प्रमाण ठेवले. १९९५ च्या कारेझ कायद्याने ‘सामाजिक घर’ या संज्ञेची व्याप्तीच वाढविली आणि बंधन सैल झाले. पुढे १३ डिसेंबर २००० च्या कायद्यातील ५५ व्या कलमाने ते पुन्हा आवळले. मोठ्या नागरी समूहांतील ३,५०० हून अधिक वस्तीच्या नगरपालिकांना (पॅरिस परिसरात १,५००) २० टक्क्यांची अट लागू झाली. उणीव राहिल्यास दरवर्षी द्रव्यदंड, आणि हेतुपुरस्सर टाळाटाळ दिसल्यास शासनाच्या प्रांताधिकाऱ्याचा हस्तक्षेप, अशी तरतूद झाली. २०१३ मध्ये बहुतेक ठिकाणी हे प्रमाण २५ टक्क्यांवर नेण्यात आले.

त्यानंतर शब्दाकडे पुन्हा लक्ष वळले. विकली गेलेली सामाजिक घरे पाच वर्षे गणनेत धरली जात. २०१८ च्या कायद्याने ती मुदत दहा वर्षे केली. म्हणजे जे घर आता भाड्याने मिळणारच नाही, तेही कागदोपत्री सामाजिकच राहिले. मे २०२४ मध्ये मंत्री गीयोम कास्बारियाँ यांनी मांडलेल्या विधेयकात काही अटींवर ‘मध्यम भाड्याची’ घरेही उद्दिष्टाच्या एक चतुर्थांशापर्यंत मोजण्याची मुभा होती. या विधेयकाच्या नावात ‘परवडणारी घरे’ हे शब्द होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

विधेयकाच्या समर्थकांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. जमीन दुर्मिळ आहे, आणि शिक्षक वा परिचारिका यांनाही नगरात घर मिळणे कठीण झाले आहे. तथापि त्यांची गरज भागविण्यासाठी त्यांच्याहून गरीब कुटुंबांचा वाटा कमी करणे हा न्याय नव्हे. २०२३ च्या अखेरीस सामाजिक घरासाठी सुमारे २६ लक्ष कुटुंबे प्रतीक्षेत होती. आणि २०२०–२२ या कालखंडात बंधन लागू असलेल्या १,०३१ पैकी ६५९ नगरपालिकांनी आपले उद्दिष्ट गाठले नव्हते. अशा वेळी मापच लहान करणे म्हणजे कसूर करणाऱ्यास बक्षीस देणे होय.

मराठीत ‘परवडणे’ या क्रियापदास चतुर्थीची अपेक्षा असते : कोणाला परवडते, हे सांगावे लागते. ‘परवडणारे’ असे विशेषण केले की तो ‘कोणाला’ गळून पडतो. फ्रेंच विधेयकात नेमके हेच घडले होते. ९ जून २०२४ रोजी राष्ट्रसभा विसर्जित झाल्याने ते विधेयक बारगळले. परंतु एका राजकीय योगायोगाने टळलेले संकट कायमचे टळले असे मानता येत नाही. अशा विधेयकास विरोध करणाऱ्याने टक्केवारीवर नजर ठेवून भागणार नाही. त्याने प्रथम व्याख्येचे कलम वाचावे आणि तो गळालेला ‘कोणाला’ पुन्हा विचारावा.