इंजिनाचा दम

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

१९८९ सालची गोष्ट. मिरजेत माझ्या मामूंचं गॅरेज होतं. त्यांची स्वतःची एक प्रीमियर पद्मिनी होती. लग्नसराईत ती भाड्याने जायची आणि घरखर्चाला हातभार लावायची. त्या हिवाळ्यात मामूंचा पाय मोडला आणि ते तीन महिने खाटेला खिळले. गाडी आली मामेभावाच्या आणि माझ्या हाती. मी बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. कुणीतरी सांगितलं, बॉनेट उघडा, कार्बोरेटरवरचा गोल डबा आणि त्यातली कागदी जाळी काढून टाका. गाडी मोकळा श्वास घेते, पिकअप वाढतो. आम्ही लगेच पाने हातात घेतले. आणि खरोखरच, ॲक्सिलरेटर दाबताच गाडीच्या पुढच्या बाजूने असा घोगरा, भरदार आवाज आला की आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. जयसिंगपूर मागे टाकून कोल्हापूरकडे निघालो, तेव्हा रस्त्यात उसाच्या बैलगाड्या होत्या, धुळीचे लोट होते. पण आम्हाला शर्यतीत उतरल्यासारखं वाटत होतं.

गाडीचा आवाज म्हटला की लोकांना सायलेन्सर आठवतो. पण सायलेन्सरमधून निघतो तो उच्छ्वास. पुढून येतो तो श्वास. त्या श्वासाचाही एक इतिहास आहे, आणि तो मोठा गमतीचा आहे.

इंजिन पेट्रोलवर चालतं हे अर्धंच खरं. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलमागे जवळजवळ नऊ हजार लिटर हवा! आमच्या पद्मिनीचं इंजिन अकराशे सीसीचं. ते मिनिटाला तीन हजार फेरे फिरू लागलं आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असला, तर कागदावरच्या हिशेबाने मिनिटाला सोळाशे लिटर हवा ओढतं. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो. म्हणजे त्या छोट्या बॉनेटखाली दोनशेच्या वर माणसं एकदम श्वास घेत असतात म्हणा ना! पेट्रोल जास्त ओतणं सोपं असतं. त्याच्या जोडीला तेवढी हवा आत नेणं, हेच खरं कसब.

निकोलाउस ओटो यांनी १८७६ मध्ये चार टप्प्यांचं इंजिन यशस्वी करून दाखवलं. त्यातला पहिला टप्पा श्वासाचाच. पिस्टन खाली जातो आणि हवा आत ओढतो. विल्हेल्म मायबाख यांनी १८९३ मध्ये पेट्रोलचा फवारा उडवणारा कार्बोरेटर आणला, त्यामुळे त्या श्वासात पेट्रोल नीट मिसळू लागलं. पण पिस्टन ओढेल तेवढीच हवा आत येणार. जास्त हवी असेल तर? लोहाराचं उत्तर सरळ आहे: भाता लावा.

हा भाता मोटारीच्या आधीपासून तयार होता. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिल गावी रूट्स नावाचे दोघे भाऊ लोकरीची गिरणी चालवत. त्यांनी १८६० मध्ये एकमेकांत गुंतून फिरणाऱ्या दोन पात्यांच्या यंत्राचं पेटंट घेतलं. लोखंडाच्या भट्ट्यांना वारा घालायला ते यंत्र उपयोगी पडलं. पुढे तेच तंत्र मोटारीत आलं आणि त्याला सुपरचार्जर म्हणू लागले. त्याला वाट करून दिली विमानांनी. उंचावर हवा विरळ होते. आपल्या महाबळेश्वरालाच ती समुद्रकाठापेक्षा सुमारे एक अष्टमांश विरळ असते, मग विमानाची गोष्टच सोडा. पहिल्या महायुद्धात विमानाच्या इंजिनांसाठी मिळवलेला अनुभव जर्मनीच्या डाइमलर कंपनीने मोटारीत वापरला आणि १९२१ च्या बर्लिन प्रदर्शनात भाता बसवलेल्या मर्सिडीज गाड्या मांडल्या. त्यांचा भाता सतत चालत नसे. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला की तो गुंते आणि किंचाळी फोडल्यासारखा आवाज काढी. मागचा आवाज वाढला की पुढच्याने ओळखावं, आता हा आपल्याला गाठणार.

इंग्लंडमध्ये यावरून मोठा मतभेद झाला. बेंटली गाडीचे जनक डब्ल्यू. ओ. बेंटली यांना भाता मुळीच पसंत नव्हता. जास्त ताकद हवी, तर इंजिनच मोठं करा, असं त्यांचं म्हणणं. पण त्यांच्या गाड्या शर्यतीत चालवणारे टिम बर्किन ऐकेनात. त्यांनी अ‍ॅम्हर्स्ट व्हिलियर्स या तंत्रज्ञाकडून साडेचार लिटरच्या बेंटलीला भाता बसवून घेतला. पैसा पुरवला डोरोथी पॅजेट या धनाढ्य बाईंनी. साध्या गाडीची ताकद एकशे दहा अश्वशक्तीच्या आसपास होती, भातेवालीची पावणेदोनशेवर गेली. रेडिएटरच्या पुढे बाहेर आलेला तो भाता आजही चित्रांत पाहायला मिळतो.

१९३० साली फ्रान्समधल्या ल मां इथल्या चोवीस तासांच्या शर्यतीत बर्किन यांनी मर्सिडीजच्या कॅराचिओलांना गाठलं. टायर फाटत होता, एका बाजूची चाकं गवतावर गेली होती, तरी पुढे काढलीच. पण शर्यतीअखेर काय झालं? मर्सिडीज बंद पडली. भातेवाल्या बेंटलीही शर्यत पूर्ण करू शकल्या नाहीत. जिंकली ती बिनभात्याची, साडेसहा लिटरची, मोठ्या छातीची बेंटली. भातेवाल्या बेंटलीने एकही मोठी शर्यत जिंकली नाही. त्याच वर्षी पो इथे तिने मिळवलेला दुसरा क्रमांक हीच तिची मोठी कमाई. १९३१ मध्ये बेंटली कंपनी कर्जात बुडाली आणि रोल्स-रॉइसने ती घेतली. आणि तरी लोकांच्या आठवणीत राहिली आहे ती जिंकलेली गाडी नाही, ती भातेवाली. आवाजाची मोहिनी अशी असते.

जबरदस्तीने हवा कोंबण्यापेक्षा तिला वाट मोकळी करून देणारेही होते. इटलीत बोलोन्याला एदुआर्दो वेबर यांनी १९२३ मध्ये कार्बोरेटरचा कारखाना काढला. त्यांचे दोन तोंडांचे कार्बोरेटर पुढे शर्यतीच्या गाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या गाजले. वेबर स्वतः मात्र मे १९४५ मध्ये, युद्ध संपता संपता, नाहीसे झाले आणि पुन्हा कुणाला दिसले नाहीत.

अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीने १९६० साली आणखी एक युक्ती मोठ्या गाडीत आणली. इंजिनाची झडप आपटून बंद होते तेव्हा नळीतल्या हवेत दाबाची लाट उठते आणि ध्वनीच्या वेगाने मागे-पुढे धावते. नळीची लांबी नेमकी धरली, तर ती लाट पुढच्या वेळी झडप उघडायच्या क्षणीच परत येते आणि हवा आत ढकलते. क्रायस्लरने तीस इंच लांबीच्या नळ्या बसवल्या. नळी लांब, तर जोर कमी फेऱ्यांवर. आखूड, तर जास्त फेऱ्यांवर. बासरी वाजवणाऱ्याला यात नवं काही वाटणार नाही. इथे आवाज आणि ताकद खरोखरच एका नळीत नांदत होते.

मग आवाज गेला कुठे? तो कायद्याने आणि सुखासीनतेने दाबला. युरोपात १९७० मध्ये मोटारींच्या आवाजाला ८२ डेसिबलची मर्यादा आली; नव्वदच्या दशकात ती ७४ वर आली. हवेच्या वाटेवर बंद डबे जोडले गेले. त्यामागचं तत्त्व एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने मांडलं होतं: पोकळ भांड्याला त्याचा स्वतःचा एक सूर असतो. आमच्या मिरजेत तंबोऱ्याचा भोपळा आवाज घुमवतो. हा डबा उलटा भोपळा समजा, तो आपल्या सुराचा आवाज गिळून टाकतो.

आणि नवल असं की, एकदा आवाज गिळल्यावर लोकांना तो परत हवासा वाटू लागला. लेक्ससने २०१० ते २०१२ या काळात एलएफए नावाच्या पाचशे गाड्या बनवल्या. त्यांच्या श्वासाचा सूर लावायला यामाहाची मदत घेतली. ही यामाहा म्हणजे १८८७ मध्ये हामामात्सुच्या शाळेतला ऑर्गन, आपल्या पेटीचाच भाऊबंद, दुरुस्त करणाऱ्या माणसाने उभी केलेली कंपनी. ज्या पेटीला याच आकाशवाणीने १९४० ते १९७१ दूर ठेवलं, तिच्या नात्यातल्या कारागिरीने मोटार गायला लागली, याची मला गंमत वाटते. पण तिथे निदान हवा तरी खरी होती. २०११ च्या बीएमडब्ल्यू एम५ मध्ये तर इंजिनाचा आवाज गाडीतल्या स्पीकरमधून ऐकवला जाऊ लागला.

आता आमच्या पद्मिनीकडे वळतो. तीन महिन्यांनी मामू काठी टेकत गॅरेजात आले. मामेभावाने गाडी सुरू केली. मामूंनी एकदाच ऐकलं आणि हात वर केला. बॉनेट उघडलं, ऑइलची कांडी काढली, काळं तेल दोन बोटांत चोळलं आणि ती बोटं माझ्या हातावर फिरवली. वाळूच्या कागदासारखी खरखर लागली. मामू आमच्या दखनीत एवढंच म्हणाले, "इंजन की नाक काटके गाना सुन रहे थे क्या रे?"

उसाच्या रस्त्यावरची धूळ आम्ही त्या इंजिनाला तीन महिने पाजली होती. गाडी ऑइल खाऊ लागली होती, मागून निळा धूर येत होता. रिंगा, पिस्टन, बोअरिंग, सगळं करावं लागलं. ऐन लग्नसराईत गाडी जॅकवर उभी राहिली आणि मामूंनी दुसऱ्यांच्या गाड्यांवर रात्री जागून तो खर्च भरून काढला. आम्हाला मारलं नाही, याचंच जास्त लागलं.

आणि पिकअप? तो फारसा वाढलाच नव्हता. उघड्या कार्बोरेटरला बॉनेटखालची तापलेली हवा मिळते. हवा तीन अंशांनी तापली, की सुमारे एक टक्का विरळ होते. म्हणजे एका हाताने दिलं, ते दुसऱ्या हाताने गेलं. वाढला होता फक्त आवाज, आणि कानांनी त्यालाच वेग मानलं होतं.

आज मामू नाहीत. परवा त्यांचा नातू त्याच्या गाडीला बाजारातला उघडा फिल्टर लावतो म्हणत होता. मूळ बनावटीत फेरफार करायला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम आडवं येतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं, हे मी त्याला सांगितलं. तो हसला. मग मी त्याला त्याच्या आजोबांच्या बोटांची गोष्ट सांगितली. तेव्हा तो हसला नाही. फिल्टर लावला की नाही, ते मी अजून विचारलेलं नाही.

मी स्वतः गाडी सर्व्हिसला दिली की मिस्त्रीकडून एकच वस्तू मागून घेतो, काढलेली जुनी जाळी. घरी आणून दारात आपटतो. जी धूळ पडते, ती बघतो आणि मग झाडून टाकतो.