आत्मा आणि वारं

मराठी बायबलातल्या ‘पवित्र आत्मा’ या शब्दावर एक रास्त आक्षेप आहे: वेदान्तातला आत्मा अचल, अजन्मा, ख्रिस्ती आत्मा मात्र येतो, माणसाला बळ देतो, वाट दाखवतो. मग हा शब्द घेतलाच का? उत्तर वेदान्ताच्याही मागे सापडते. हिब्रू ‘रूआह’ आणि ग्रीक ‘प्न्यूमा’ म्हणजे वारा, श्वास. ऋग्वेदातही ‘आत्मन्’ला प्राणवायूचा अर्थ आहे; दहाव्या मंडलातले एक सूक्त वाऱ्यालाच देवांचा आत्मा म्हणते. म्हणजे शब्द मुळात नेमका आहे, झाकोळला तो नंतरच्या तत्त्वज्ञानाने. गोव्यातल्या ख्रिस्ती प्रार्थनेत ‘इस्पिरित सांत’ हे उसने नाव दीर्घकाळ चालले; त्यात घोटाळा नव्हता, पण आपल्या भाषेचा श्वासही नव्हता.

कंधारजवळच्या माळेगावच्या खंडोबाला जाणाऱ्या भाविकाला आत्म्याचे वाऱ्याशी हे नाते नवे वाटू नये. अंगात देव आला की मराठी माणूस ‘वारं आलं’ म्हणतो. बायबलातल्या पेन्टेकॉस्टच्या कथेतही येशूचे शिष्य आत्म्याने भरतात तेव्हा सोसाट्याच्या वाऱ्यासारखा नाद होतो. मग दोन्ही एकच का? नाही. अंगात आलेल्या वाऱ्यात भान हरपते. प्रेषित पौलाने मात्र आत्म्याच्या फळांत संयम मोजला आणि सभेत समजेल असेच बोलण्याचा आग्रह धरला. हीच कसोटी पुढेही लावता येते: 1905 साली पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुली रडल्या, मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या. टीकाकारांना तो उन्माद वाटला. पण त्या जागृतीतून मुलींची पथके गावोगाव सेवेला निघाली, आणि रमाबाईंनी मूळ भाषांवरून साध्या मराठीत बायबल आणण्याचे काम 1922 मधल्या मृत्यूपर्यंत सोडले नाही. उन्मादाला इतकी वर्षे व्याकरण सांभाळता येत नाही.