उलटून पुन्हा उठणारी बोट

दूरच्या समुद्रसफरीसाठी शिडाची बोट कोणती घ्यावी? या प्रश्नाच्या इतिहासात मुंबईत बांधलेल्या एका बोटीला मोठा मान आहे. गंमत अशी, की तिच्या मालकाने ती धड निवडलेलीच नव्हती.

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे व्यापारी जहाजावरचे तरुण ब्रिटिश अधिकारी. त्यांनी मित्रांबरोबर एका बोटीचे आराखडे इंग्लंडहून मागवले. आले ते भलतेच. विल्यम अ‍ॅटकिन या अमेरिकी संकल्पकाने १९२०च्या दशकात रेखलेली ती ‘एरिक’ नावाची बोट होती. तिचे मूळ नॉर्वेच्या कॉलिन आर्चरने वादळात सापडलेल्या कोळ्यांच्या सुटकेसाठी बनवलेल्या बोटींमध्ये होते. थांबायला वेळ नव्हता. त्याच आराखड्यावरून मुंबईच्या कारागिरांनी सागवानात ३२ फुटी ‘सुहैली’ बांधली आणि डिसेंबर १९६४मध्ये ती पाण्यात उतरली. दोन्ही टोके निमुळती, पोट रुंद, खाली जवळजवळ पूर्ण लांबीचा जड कणा. वेग मात्र बेताचाच.

१९६८मध्ये एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत जाहीर झाली. नॉक्स-जॉन्स्टन यांना त्यासाठी नवी, मोठी पोलादी बोट हवी होती. पैसे उभे राहिले नाहीत, म्हणून ते सुहैली घेऊनच निघाले. दक्षिण महासागरात एका लाटेने तिला आडवे पाडले. केबिन जागची हलली, पिण्याचे पाणी खराब झाले, पण बोट उठली. ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी ती परतली. नऊ स्पर्धकांपैकी पूर्ण प्रवास करणारी ती एकटीच.

दोन स्पर्धकांनी तीन सांगाड्यांच्या, ४० फुटी, वेगवान ट्रायमरान घेतल्या होत्या. नायजेल टेटली यांची बोट शेवटच्या टप्प्यात खिळखिळी होऊन बुडाली. डोनाल्ड क्रोहर्स्ट यांची बोट समुद्रात रिकामी सापडली. बोट उलटलीच तर डोलकाठीच्या टोकावरची हवेची पिशवी फुगून ती सरळ व्हावी, अशी योजना त्यांनी आखली होती. ती कधीच पुरी झाली नाही. पण अशा पिशवीची गरज का भासावी?

वर्गात करून पाहण्याजोगा प्रयोग आहे. एक रुंद फळी पाण्यात सोडा. दाबली तर ती सहज कलत नाही, मात्र उलटी केली की तितक्याच निवांतपणे उलटी तरंगते. आता झाकणबंद बाटलीच्या आत एका बाजूला मातीचा जाड पट्टा चिकटवा. ही बाटली बोटाच्या धक्क्यानेही डुलते, पण पूर्ण फिरवून सोडली तरी माती खाली येईपर्यंत स्वस्थ बसत नाही. फळीचे स्थैर्य रुंदीतून येते, बाटलीचे खाली असलेल्या गुरुत्वमध्यातून. बंदरात बोट पाहायला गेलेल्या माणसाला पहिल्या प्रकारचे स्थैर्य पायांना जाणवते. दुसरे जाणवत नाही, आणि खोल समुद्रात तेच कामाला येते.

हे आकड्यांत कळायला एक दुर्घटना घडावी लागली. ऑगस्ट १९७९मध्ये ब्रिटनच्या फास्टनेट शर्यतीत ३०३ बोटी वादळात सापडल्या आणि १५ स्पर्धक बुडून वा गारठून मेले. शर्यतीचे नियम आणि वेगाची हौस यांमुळे तोवर बोटी हलक्या, रुंद व उथळ होत गेल्या होत्या. उलटलेली ‘ग्रिमाल्किन’ काही मिनिटे तशीच राहिली. सर्वांत लहान गटातून शर्यत पुरी केली ती जुन्या वळणाच्या, अरुंद व जड ‘असेंट’ने एकटीने. पुढे कलण्याचे गणित मांडले गेले. असेंटच्या जातीची बोट दीडशेहून अधिक अंश कलली तरी सरळ होऊ पाहते. ग्रिमाल्किनची मर्यादा १२० अंशांच्या आत होती.

साउदॅम्प्टन विद्यापीठात प्रतिकृतींवर लाटा सोडून पाहिल्या गेल्या. फुटणारी लाट बाजूने आली आणि तिची उंची बोटीच्या लांबीच्या ६० टक्के असली, तर कुठलीच बोट तग धरत नाही. काही तर ३० टक्क्यांनाच उलटतात. सुहैलीएवढ्या बोटीसाठी ही उंची सुमारे सहा आणि तीन मीटर भरते. म्हणजे कधीच न उलटणारी बोट या आकारात मिळत नाही. उलटल्यावर किती लवकर उठेल, एवढेच निवडणाऱ्याच्या हाती असते. डोलकाठी मोडली तर वरचे वजन गेल्याने बोट अधिक सुरक्षित होईल असे वाटते, पण प्रयोगांत उलटेच दिसले. लांब काठीच्या जडत्वामुळे बोट हळू फिरते. काठी गेली की पुढची लाट तिला सहज लोळवते.

२०१८मध्ये भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी सुहैलीच्याच घडणीची, गोव्यात बांधलेली ‘तुरीया’ घेऊन तशाच शर्यतीत उतरले. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात ती उलटली आणि तिच्या डोलकाठ्या मोडल्या. बोट पुन्हा सरळ होऊन तरंगत राहिली. टॉमी यांच्या पाठीला जबर दुखापत झाली होती. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. पुढच्या, २०२२च्या शर्यतीसाठी त्यांनी स्वतः निवडली ती ३६ फुटी, फायबरग्लासची, अधिक वेगवान ‘रसलर’. लांब, जड कणा मात्र तिलाही होता. एप्रिल २०२३मध्ये ते दुसरे आले.