फिरंग
जुनी शस्त्रं जमवणाऱ्या मित्राच्या घरी भिंतीवरच्या लांब, सरळ तलवारीला मी ऐटीत ‘खांडा’ म्हणालो. ‘अरे, फिरंग आहे ती. पातं बघ,’ तो म्हणाला. मुठीपाशी पुसट रोमन अक्षरं होती.

शब्दाचं मूळ ‘फ्रँक’ या युरोपीय टोळीच्या नावात. अरबांनी त्याचं ‘इफ्रंज’ केलं, फारसीनं ‘फरंग’. आपल्याकडे फिरंगी म्हणजे मुख्यतः पोर्तुगीज. आणि युरोपातून येणारं पातं ज्या तलवारीला, ती फिरंग. मूठ मात्र इथल्या घडणीची! जर्मनीतल्या झोलिंगेनसारख्या गावांची पाती नावाजलेली, म्हणून इथले कारागीरही परदेशी खुणांची नक्कल करत. तेव्हा नुसत्या अक्षरांवर भुलू नये, हेही मित्रानंच सांगितलं, बहुधा माझा पडलेला चेहरा पाहून. ‘भावप्रकाश’ या १६व्या शतकातल्या वैद्यकग्रंथात तर उपदंशाला ‘फिरंगरोग’ म्हटलंय. पाहुण्यांनी नुसतं पोलादच आणलं नव्हतं.

आता तलवारी संग्रहालयांत गेल्या. मित्राची कॉलेजातली मुलगी मात्र ‘फिरंग’ रोज म्हणते, गोव्याच्या किनाऱ्यावर उन्हात पहुडलेल्या गोऱ्या पर्यटकाला.